शाल्वाकाकांची सही

आमच्याकडे बायका वाईनचा टोस्ट करत नाहीत. करू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण टेबल हाकणारा तामादा हा पुरुषच असतो, आणि तो प्याला उचलून बोलायला लागला की बायकांनी चीज भरलेली खाचापुरी गरम आहे ना ते बघायचं. माझे वडील पंचवीस वर्षं आजूबाजूच्या दहा गावांचे तामादा होते. मेलेल्यांसाठी, पाहुण्यांसाठी, भांडलेल्या भावांसाठी, कशासाठीही ते असं बोलायचे की ऐकणाऱ्याला उभं राहून प्यावंसं वाटे. त्यांची जीभ मला मिळाली. प्याला मिळाला माझ्या भावाला, ज्याला दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्यात दोष माझा होता, आणि तो कुठून आला हे आधी कळलेलं बरं.

मी दुभाषी आहे. गोरी शहरातल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, ते सोडून युरोपीय संघाच्या निरीक्षकांकडे लागले. रशियनांशी झालेल्या युद्धानंतर आमच्या शेतांमधून रेघ गेली, पलीकडे ते आणि अलीकडे आम्ही, तेव्हापासून ही माणसं इथे आहेत. सत्तावीस देशांनी मिळून पाठवलेली, पण हातात बंदूक नाही, फक्त दुर्बीण आणि वही. निळ्या झेंड्याच्या जीपमधून ती रेघेच्या कडेकडेने फिरतात, बघतात, विचारतात आणि लिहितात. गावात त्यांना वहीवाले म्हणतात. कुत्रं भुंकलं तरी लिहितात, असं म्हणून लोक हसतात आणि मग त्यांनाच जेवायला बसवतात.

माझ्या जीपचा प्रमुख वेसा. फिनलंडचा, सव्वीस वर्षं वाहतूक पोलीस होता. त्याच्याकडून एक जादा शब्द काढायचा तर चिमटा लागेल. त्याचं बोलणं दुसऱ्या भाषेत नेताना मला नेहमी वाटायचं की याच्या वाक्यांना मीठच नाही. आणि मीठ घालायला माझा हात शिवशिवायचा.

पांतनारी गावाच्या अगदी शेवटच्या घरात शाल्वाकाका आणि लामाराकाकू राहतात. घरामागे कुंपण, कुंपणापासून चाळीस पावलांवर काटेरी तार आणि सीमेची हिरवी पाटी, आणि तारेच्या पलीकडे काकांची सफरचंदाची एकोणीस झाडं. चार वर्षांपूर्वी एका सकाळी पलीकडचे शिपाई आले आणि तार ओढून गेले. झाडं तिकडे राहिली, मालक इकडे. तेव्हापासून चार हिवाळे झाडांना करवत लागलेली नव्हती. सफरचंदाचं झाड छाटलं नाही तर ते रानटी होतं. फांदीत फांदी घुसते आणि फळ अक्रोडाएवढं राहतं. काका रोज सकाळी कुंपणाशी उभे राहून हे बघायचे. एकाहत्तर वर्षांचे, छातीचं दुखणं, दोन वेळच्या गोळ्या, आणि तरुणपणापासून तेही तामादा. माझ्या वडिलांचे जोडीदार.

आम्ही दर गुरुवारी त्यांच्याकडे जायचो. मार्चच्या पहिल्या गुरुवारी गेलो तेव्हा काकूने राजम्याच्या लोबियोचं मडकं मधे ठेवलं, काकांनी मातीच्या घड्यातली वाईन काढली आणि तिसऱ्या प्याल्यानंतर त्यांनी वेसाला सरळच विचारलं.

"खातुना, विचार याला. ही तार म्हणजे देशाची सीमा आहे, असं याचा संघ मानतो का?"

मी विचारलं. वेसाने तोंड पुसलं. "नाही. आमच्या सत्तावीसपैकी एकही देश मानत नाही. ही भूमिका बदललेली नाही."

एवढंच. टेबलावर वाईन, समोर वडिलांचा जोडीदार, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि हातात हे वाळलेलं वाक्य. मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "काका, पाहुणे म्हणतायत, तुमच्या मागे आज एकटी काकू उभी नाही. सत्तावीस देश उभे आहेत. तुमच्या एकोणीस झाडांच्या प्रत्येक मुळाच्या पाठीशी ते आहेत. ही तार म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेलं सूत आहे, आणि ज्याने झाड लावलं त्याच्या हाताची झाड वाट बघत असतं."

काका उभे राहिले. डोळे भरून आले होते. एका घोटात त्यांनी प्याला रिकामा केला. वेसा माझ्याकडे बघत होता.

"मी एवढं बोललो?" त्याने विचारलं.

"आमची भाषा लांबलचक आहे," मी म्हणाले.

घरी जाताना मी खूश होते, हे लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी टोस्ट केला होता आणि एक तामादा उभं राहून प्यायला होता.

पुढच्या मंगळवारी सकाळी काकांनी करवत घेतली, शिडी घेतली, तारेखालून सरपटत गेले आणि छाटणीला लागले. दुपारपर्यंत अकरा झाडं झाली. बाराव्याला शिडी लावली तेव्हा पलीकडचे शिपाई आले. काकू कुंपणाशी होती. तिने सांगितलं, त्यांनी शिडी धरली, काकांना खाली उतरवलं आणि घेऊन गेले. करवत झाडाखालीच राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा काकूने मला कुंपणाशीच गाठलं. रडत नव्हती. "सत्तावीस देश पाठीशी आहेत म्हणून गेला तो. मी म्हटलं, अहो, छातीत कळ येते तुम्हाला. तर म्हणाला, खातुनाने सांगितलेलं ऐकलं नाहीस का? आता सांग त्या सत्ताविसांना, म्हणावं या पुढे."

पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती हीच. फळ मी पाडलं होतं. वेसाने विचारलं, बाई काय म्हणतायत. मी सांगितलं, काळजीत आहेत. म्हणजे एकदा मीठ जास्त घातलं आणि आता अळणी केलं.

रेघेच्या दोन्ही बाजूंना बोलता यावं म्हणून एक हॉटलाइन आहे. आहे साधाच फोन, पण तो वाजला की उचलावाच लागतो. वेसाने फोन लावला, मी पलीकडच्यांशी रशियनमध्ये बोलले. तासाभराने उत्तर आलं. माणूस आमच्याकडे आहे, बरा आहे, नेहमीचा कागद आहे, सही केली की तीन दिवसांत सोडू.

नेहमीचा कागद आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे. मी देशाची सीमा बेकायदा ओलांडली, मला गुन्हा मान्य आहे, खाली सही. कुणी रानभाजी खुडताना पलीकडे जातं, कुणी गुरांमागे. सही करतात आणि परत येतात. त्यांना कोणी नावं ठेवत नाही. माझ्या चुलतभावाने गाईपायी दोनदा सही केली आहे, गाय मात्र एकदाच परत आली.

चौथ्या दिवशी फोन आला. म्हातारा सही करत नाही.

"का?" वेसाने विचारायला लावलं.

पलीकडचा अधिकारी हसत होता. मेजर म्हणायचे त्याला. "म्हणतो, सत्तावीस देशांनी सही केलेली नाही, मग मी का करू? तुम्हीच त्याला समजवा. तुमचीच शिकवण दिसते."

वेसाला मी हे शब्दाला शब्द सांगितलं. तो म्हणाला, "आम्ही त्यांना सही करा असं सांगू शकत नाही. जे आम्ही मानत नाही त्यावर दुसऱ्याला सही करायला कसं सांगणार?"

पाचव्या दिवसापासून लामाराकाकू आमच्या ऑफिसच्या फाटकाशी येऊन बसायला लागली. घरून घडीचं स्टूल आणायची, लोकरीचा गोळा आणायची आणि विणत बसायची. मोजा विणत होती, नवऱ्यासाठी. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक जीपला विचारायची, "कुठला देश?" कुणी सांगायचा लिथुआनिया, कुणी पोर्तुगाल. "अच्छा. मग माझ्या नवऱ्याच्या पाठीशी तुम्ही कुठे उभे आहात, जरा जागा दाखवा." हे सगळं मलाच त्यांना सांगावं लागायचं.

सातव्या दिवशी मला ते सहन होईना. मी बाहेर गेले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"काकू, वेसा तसं बोललाच नव्हता."

तिच्या सुया थांबल्या.

"तो फक्त म्हणाला, आम्ही तारेला सीमा मानत नाही. पाठीशी उभे, मुळं, सूत, झाड वाट बघतं, ते सगळं माझं. मला टोस्ट करायचा होता."

शिव्या देईल असं वाटलं. द्यायला हव्या होत्या.

"तुझा बापही असाच," ती म्हणाली. "त्याच्या टोस्टपायी माझ्या नवऱ्याने दोनदा शेजाऱ्याशी समेट केला आणि एकदा चांगली दुभती म्हैस देऊन टाकली. पण तो निदान स्वतःच्या नावाने बोलायचा. तू दुसऱ्याच्या तोंडात घातलंस."

"हो."

"साहेबाला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्यापाशी काय बसलीस? जा."

वेसा टेबलाशी बसून दिवसाचं टिपण लिहीत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. त्याने वहीचं नवं पान उघडलं.

"तारीख?"

सांगितली.

"मी काय म्हणालो?"

सांगितलं.

"तू काय म्हणालीस? पूर्ण सांग."

तो टोस्ट दिवसाउजेडी, ट्यूबलाइटखाली, एका वाहतूक पोलिसाला पुन्हा म्हणून दाखवणं याहून मोठी शिक्षा मला कुणी देऊ शकलं नसतं. "वाऱ्याने आणून टाकलेलं सूत" हे त्याने दोनदा विचारून लिहून घेतलं.

"हे वर पाठवणार तुम्ही?"

"हो."

"माझी नोकरी जाईल."

"जाऊ शकते," तो म्हणाला, आणि टोपण लावलं. मग म्हणाला, "टोस्ट चांगला होता."

नोकरी गेली नाही. वरून पत्र आलं की यापुढे एक शब्द जरी पदरचा घातला तरी करार संपेल. ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे.

काकांच्या गोळ्यांची पिशवी नवव्या दिवशी नाक्यावरून पलीकडे द्यायची परवानगी मिळाली. सोबत एक उघडं पत्र चालेल, एक पान. काकू म्हणाली, "पत्र तू लिही. मी लिहिलं तर शिव्याच येतील." मी लिहिलं: काका, मी खोटं बोलले. पाहुणा फक्त म्हणाला की आम्ही तारेला सीमा मानत नाही. बाकीचा टोस्ट माझा. तुमच्यासाठी फौज घेऊन कोणी येणार नाही. हे लोक लिहितात, एवढंच करतात. तुमची छाती बरी नाही. सही करा आणि घरी या, कोणी नावं ठेवणार नाही. काकू फाटकाशी तुमच्यासाठी मोजे विणत बसली आहे.

पंधराव्या दिवशी रिकामी पिशवी परत आली. गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा करून त्यावर काकांनी उत्तर लिहिलं होतं. अक्षर थरथरलेलं होतं. मी फाटकाशी उभी राहून मोठ्याने वाचलं.

"खातुना, चाळीस वर्षं मी तामादा आहे. टोस्टमध्ये किती वाईन आणि किती पाणी असतं ते मला तू शिकवू नकोस. टोस्टच्या जिवावर कोणी शिडी उचलत नाही. झाडं वाढली होती म्हणून मी गेलो. तुझ्या बोलण्याने एवढंच झालं की लामाराला सांगायला कारण मिळालं. पाहुण्याला माझा एकच प्रश्न विचार आणि या वेळी नीट विचार. ही सीमा आहे अशी सही त्यांच्यापैकी कोणी केली आहे का? केली असेल तर कळवा, मीही करतो. नसेल केली तर मलाही घाई नाही. गोळ्या मिळाल्या. मोजे पाठव."

काकूने पुठ्ठा माझ्या हातातून घेतला. "गाढव आहे," ती म्हणाली. "पन्नास वर्षं मी एका गाढवाबरोबर संसार केला." मग स्टुलावर बसली आणि दुसरा मोजा विणायला घेतला. त्या दिवसानंतर तिने कुठल्याही जीपला देश विचारला नाही. पण येणंही सोडलं नाही. साडेनऊला यायची आणि ऑफिस बंद होईपर्यंत बसायची.

मी वेसाला पुठ्ठ्यावरचा मजकूर शब्दाला शब्द सांगितला. काकूच्या गाढवासकट.

त्याने विचार केला. "त्यांना कळव. नाही. एकानेही केलेली नाही."

मोज्यांबरोबर मी तेवढंच लिहून पाठवलं. इतकं छोटं पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. आणि पहिल्यांदाच मला त्यात काही कमी आहे असं वाटलं नाही.

वेसा रोज टिपणात एक ओळ लिहायचा. दिवस सोळावा, शाल्वा अजून अटकेत, सही केलेली नाही. दिवस सतरावा, शाल्वा अजून अटकेत, सही केलेली नाही. ही ओळ सकाळी वरच्या ऑफिसात जाते, तिथून सत्तावीस राजधान्यांत. आधी मला या ओळीचा राग यायचा. माणूस तिकडे कोठडीत खोकतोय आणि इकडे रोज एक ओळ. एकदा मी म्हणालेही, "हे वाचतं तरी कोण?"

"मी सव्वीस वर्षं गाड्यांचा वेग लिहिला," वेसा म्हणाला. "लोक ओरडतात, ओळखी सांगतात, दमतात. ज्याच्या हातात वही असते तो सगळ्यांच्या शेवटी दमतो."

एकतिसाव्या दिवशी तंबूतली बैठक होती. महिन्यातून एकदा रेघेवर तंबू ठोकून दोन्ही बाजू बसतात आणि मधे वहीवाले. शेगडी धूर सोडते, चहा गार होतो, आणि सगळ्यांना आपापला विषय आधी हवा असतो. मेजरला पाटाचं पाणी हवं होतं. आमच्या बाजूच्या धरणातून त्यांच्या शेतांना पाणी जातं आणि एप्रिल लागला होता. पाणी यादीत नववं होतं. शाल्वाकाका तिसरे.

तिसरा विषय आला. वेसाने वही उघडली.

"दिवस पहिला," तो म्हणाला. "शाल्वा, वय एकाहत्तर, अटकेत. दिवस दुसरा. अजून अटकेत, सही केलेली नाही."

मी रशियनमध्ये सांगितलं.

"दिवस तिसरा. अजून अटकेत, सही केलेली नाही."

मी सांगितलं. मेजरने हात वर केला. "प्रकरण आम्हाला माहीत आहे."

"बरोबर," वेसा म्हणाला. "दिवस चौथा."

सातव्या दिवसाला मेजरने घड्याळ बघितलं. दहाव्याला त्याने सिगारेट काढली आणि तंबूत ओढायची नाही म्हणून परत ठेवली. वेसाचा आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. घाई नाही, जोर नाही, राग नाही. प्रत्येक ओळीनंतर तो थांबायचा, मी पूर्ण सांगेपर्यंत माझ्याकडे बघायचा, आणि मगच पुढची ओळ. मीही तशीच बोलत गेले. तेच शब्द, त्याच क्रमाने. तेराव्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की ही माझी शिक्षा आहे. त्यानंतर माझ्या लक्षात आलं की समोरचा माणूस खुर्चीत चुळबुळतोय आणि आम्ही दोघं चुळबुळत नाही. वडिलांच्या कुठल्याही टोस्टने टेबल इतकं गप्प केलं नव्हतं. मला हसू येत होतं आणि रडूही. मी दोन्ही दाबलं आणि सांगितलं, दिवस चौदावा.

एकोणिसाव्या दिवसाला मेजरने चहाची सुट्टी मागितली. मिळाली. सगळे परत येऊन बसले तेव्हा तो म्हणाला, "आता पाण्याचं बोलू."

"दिवस विसावा," वेसा म्हणाला.

पाणी नववंच राहिलं. एकतिसावी ओळ संपली तेव्हा शेगडीतली लाकडं विझली होती. मेजरचा चेहरा भीक नको पण कुत्रा आवर असा झाला होता.

"पुढच्या महिन्यातही हेच वाचणार का तुम्ही?" त्याने मला विचारलं.

मी वेसाला विचारलं. वेसाने मनातल्या मनात हिशेब केला. "नाही. पुढच्या महिन्यात एकसष्ट ओळी होतील."

मी सांगितलं. तंबूत कोणी हसलं नाही.

छत्तिसाव्या दिवशी, मंगळवारी, हॉटलाइन वाजली. म्हाताऱ्याची प्रकृती बरी नाही, त्या कारणावरून सोडत आहोत, येऊन घेऊन जा. हे ओळींमुळे झालं, पाण्यामुळे झालं, की कोठडीत म्हातारा दगावला तर डोक्याला ताप नको म्हणून झालं, मला माहीत नाही. वेसालाही माहीत नाही. त्याने फक्त वेळ लिहिली, अकरा वाजून वीस मिनिटं.

नाक्यावर काकू स्टूल घेऊनच आली होती. काका पलीकडून चालत आले. नव्या मोज्यांवर जुने बूट, कोट अंगावर लोंबत होता, दाढी पांढरी झाली होती. मधे एक कागद होता, सुटकेचा. वेसाने तो नीट वाचला, मग मला दाखवला. कैद्याच्या सहीची जागा कोरी होती. काकूने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "शिडी कुठाय?"

"तिकडेच राहिली," काका म्हणाले.

"नवी होती ती."

बस, एवढंच बोलणं झालं. जीपमध्ये मात्र तिने घरापर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

गुरुवारी आम्ही नेहमीप्रमाणे गेलो. काकूने लोबियोचं मडकं मधे ठेवलं. तारेपलीकडे झाडांना गुलाबी कळ्या आल्या होत्या. अकरा झाडं मोकळी, नीटनेटकी, आणि उरलेली आठ केस पिंजारल्यासारखी. बाराव्या झाडाला शिडी अजून टेकलेली दिसत होती.

काकांनी प्याला उचलला तेव्हा मी घाबरले. महिनाभर तुंबलेला तामादा आता काय काय बोलेल आणि मला ते सगळं इंग्रजीत न्यावं लागेल. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"खातुना, आज मी बोलतो तेवढंच सांग."

"तेवढंच सांगेन, काका."

"पाहुण्याला सांग, अकरा झाडं छाटली. आठ राहिलीत. लिहून घ्या."

मी सांगितलं. वेसाने हातातला प्याला खाली ठेवला, वही काढली, दुर्बीण घेतली आणि कुंपणाशी जाऊन मोजून आला. बरोबर आठ. लिहिलं. मग त्याने विचारलं, "ते पुन्हा जाणार आहेत का?"

मी काकांना विचारलं. काका काकूकडे बघायला लागले. महिनाभर फाटकाशी बसलेली बाई ती, तिच्यासमोर बोलायची त्यांची छाती होईना. काकूने भाकरीचा तुकडा मोडला, आलुबुखाराच्या चटणीत बुडवला, सावकाश खाल्ला.

"सांग त्याला," ती म्हणाली, "हिवाळ्यात. आत्ता कळ्या आल्यात, आत्ता छाटत नाहीत. आणि या वेळी शिडी मी धरणार आहे."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. वेसाचा पेन मधेच थांबला.

"त्यांना सांग, तुम्ही जा असं मी म्हणू शकत नाही."

मी सांगितलं.

"आणि?" काका म्हणाले.

"एवढंच म्हणाले ते."

"मग विचार, तार सीमा आहे असं मानतात का?"

विचारलं. वेसा काकांकडे बघून म्हणाला, "नाही. एकही देश मानत नाही."

"नाही. एकही देश मानत नाही," मी आमच्या भाषेत सांगितलं, आणि तोंड मिटलं.

शाल्वाकाका टेबलाला हात टेकून कसेबसे उभे राहिले. काकूही उठली. दोघांनी उभ्याने प्याला रिकामा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी वेसाच्या टिपणातून ओळ वर गेली आणि तिथून सत्तावीस राजधान्यांत. पांतनारी, सफरचंदाची आठ झाडं छाटायची राहिली आहेत, मालक हिवाळ्यात बायकोसह जाणार असं म्हणतात.